गडग्याच्या अलीकडे

२४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. रोज झोप किती लागली आणि राग किती वेळा आला, एवढंच लिहायचं. माझं ब्लडप्रेशर आणि माझा राग यांचा काहीतरी संबंध आहे म्हणे. पोरगी तिशीचीही नसेल, मला विचारते, "काका, चिडचिड कधीपासून होते?" मी म्हटलं, जगात मूर्ख माणसं आहेत तेव्हापासून. ती हसली नाही, तिने ते लिहून घेतलं. लघवी जास्त होणारी गोळी दिली, वर पाणी भरपूर प्या आणि उन्हात उभे राहू नका म्हणाली. रत्नागिरीच्या स्टँडवर पालीची एसटी पाऊण तास आली नाही. उन्हात नाही तर काय तिच्या दवाखान्यात उभा राहू?

झोप: दोन तास. राग: चार वेळा. एकदा डॉक्टरीणबाईंवर, एकदा कंडक्टरवर, एकदा टीव्हीवरच्या हवामानवाल्यावर. "कोकणात उष्णतेची लाट" हे तो हसत हसत सांगत होता. फेब्रुवारीत लाट, आणि याला हसू येतंय. चौथा राग विनोदवर. विनोद माझा धाकटा भाऊ. त्याच्यावरचा मी दिवसाला एकच धरतो, नाहीतर वही पुरायची नाही.

२६ फेब्रुवारी

झोप दीड तास. राग मोजला नाही.

ही वही उद्या कोर्टात गेली तरी हरकत नाही, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो. मी महेंद्र, वय सत्तावन्न. मुंबईत एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो, माझ्या ताब्यातला एक खिळा कधी इकडचा तिकडे झाला नाही. दोन वर्षांपूर्वी लवकर निवृत्ती घेऊन गावी आलो आणि वाडीतला पहिला स्लॅब टाकला. पालीपासून चार किलोमीटर आत आमचं गाव, गावाच्या टोकाला आमची बौद्धवाडी.

माझ्या लहानपणी आमच्या घरावर गवत होतं. वडील, म्हणजे आबा, जन्मभर जांभ्याच्या खाणीत चिरे काढत होते, आणि ते सगळे चिरे दुसऱ्यांच्या घरांना लागले. कोपरे तुटलेले, खाणवाल्याने नाकारलेले चिरे डोक्यावरून वाहून आणून त्यांनी स्वतःचं कौलारू घर उभं केलं. त्या घरात आता विनोद आणि त्याची बायको विमला राहतात. मी शेजारीच, आबांच्याच जागेत, स्लॅबचं घर बांधलं. सिमेंट ब्लॉकच्या भिंती, पांढऱ्या लाद्या, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. घरात राहायला येण्याआधीची बुद्धवंदना झाली त्या दिवशी आबा लादीवर हात फिरवून म्हणाले, "म्हेंद्रा, हितं पाय ठेवाया भ्या वाटतं." ते वाक्य मी विसरणार नाही. ज्या माणसाने लोकांच्या अंगणाबाहेर उभं राहून ओंजळीने पाणी प्यायलं, त्याला मी स्लॅबखाली आणलं.

दोन घरांच्या मध्ये गडगा आहे. कमरेएवढा, नुसते चिरे रचून केलेला, मधे जायला-यायला लाकडी बेडं. गडग्याला लागून फणस होता. त्याचा पाचोळा स्लॅबवर साचून पाणी तुंबणार हे दिसत होतं, म्हणून मी तो तोडला. झाड माझ्या हद्दीत होतं, मोजणीचा नकाशा आहे माझ्याकडे. आईने लावलेलं झाड होतं म्हणून विनोदने त्या दिवसापासून तोंड फिरवलं. पुढे रोजची भांडणं, एकदा तर हातघाईसुद्धा झाली. गेल्या वर्षी तंटामुक्ती समितीपुढे मीच कागद करून घेतला. दोघांपैकी कोणीही, कोणत्याही कारणास्तव, दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकणार नाही. "कोणत्याही कारणास्तव" हे शब्द माझे. समितीतले लोक म्हणाले, एवढं कशाला? मी म्हटलं, लिहा. खाली दोघांच्या सह्या आहेत. आबांना मात्र दोन्हीकडे मोकळीक ठेवली. तिथेच चुकलं.

३ मार्च

झोप दोन तास. राग पाच.

आबा माझ्याकडे राहतात. पण अकरा वाजले की उठतात, पंचा खांद्यावर टाकतात, बेडं सरकवतात आणि विनोदकडे जातात. परत येतात पाच वाजता. गालावर चटईची नक्षी असते आणि आल्या आल्या खायला मागतात. माझ्याकडे दुपारी थांबले तर अर्धी भाकरी संपत नाही. म्हणजे तिकडे काहीतरी शिजतंय. सातबारावर अजून आबांचं नाव आहे. मी काही दूधखुळा नाही.

आज सरळ विचारलं. "रोज तिकडे काय करता?"

"झोपतंव."

"आणि विनोद काय बोलतो?"

"तो कुठं असतो? हापूसच्या बागंत जातो फवारणीला. विमलाबी जाते कामाला."

"मग तिकडे असतं कोण?"

"भुई हाय ना," आबा म्हणाले.

एकोणऐंशी वर्षांच्या माणसाकडून काही काढून घेणं कठीण असतं. पण त्यांना पढवलंय हे माझ्या लक्षात आलं.

८ मार्च

झोप लिहीत नाही. राग एकदाच, पण तीन तास टिकला.

रत्नागिरीच्या कॉलेजातली स्नेहल नावाची मुलगी फॉर्म घेऊन आली होती. "बदलत्या हवामानाचे आरोग्यावरील परिणाम." म्हटलं, विचार. "काका, गेल्या महिन्यात झोप कमी झाली का? विनाकारण राग येतो का? जवळच्या माणसांचा संशय येतो का?" मी म्हटलं, माझ्या प्रत्येक रागाला कारण आहे, लिहून ठेवलंय, तारखेसकट. हवामानाला भाऊ आहे का? माझ्या भावाचं नाव हवामान नाही.

तरी ती उठेना. तिच्याकडे तापमान मोजायचं छोटं यंत्र होतं. आबांच्या खोलीत ठेवलं तर एक्केचाळीस. मग गडग्यापलीकडे जाऊन विनोदच्या माजघरात ठेवून आली, तेहतीस. मला येऊन सांगते, "काका, आजोबांना दुपारी तिकडेच झोपू द्या." आता मला कळलं हिला कोणी पाठवलं ते. मी म्हटलं, तुझं यंत्र बिघडलंय, दोन भिंतींमध्ये वीस पावलांचं अंतर आहे, आठ डिग्री काय वाटेत सांडल्या? विमला पलीकडून ऐकत होती.

जाताना मुलगी एक कार्ड देऊन गेली. उष्माघाताची लक्षणं. अंग तापणं, घाम थांबणं, असंबद्ध बोलणं, ग्लानी. चांगलं जाड कार्ड आहे. वहीत खुणेला ठेवलंय.

११ मार्च

झोप एक तास. बसलेला उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. गोळीमुळे असणार. तोंडाला कोरड पडते, पण पाणी प्यायलं की पुन्हा संडासला पळा, त्यापेक्षा नकोच.

खारं वारं पूर्वी अकरा-साडेअकराला यायचं, ते आता तीन वाजले तरी नाही. पूर्वेकडून घाटावरचं वारं येतं, ते नुसतं भाजतं. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी आपल्याला शिजवतो. हे वहीतच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

बायकोचा फोन. करुणा डिसेंबरपासून कल्याणला मुलीकडे आहे, सानवीच्या बाळंतपणाला गेली ती परतच येत नाही. म्हणाली, "अहो, उन्हाळाभर आबांना घेऊन इकडे या." मी म्हटलं, घर टाकून? "घर कुठे जातंय?" म्हणाली. मग म्हणाली, "मला त्या खोलीत गुदमरायला व्हायचं. तुम्हाला सांगायची सोय नव्हती." एकतीस वर्षं भाड्याच्या खोलीत गुदमरली नाही, स्वतःच्या घरात गुदमरते. फोन ठेवला.

१४ मार्च

राग: मोजण्यापलीकडे.

बेडं तारेने बांधून टाकलं. आबा अकरा वाजता पंचा घेऊन निघाले, तार बघितली, सोडवता येते का बघितलं. मग फणसाच्या बुंध्यावर जाऊन बसले, तिथल्या उन्हात. विमला पलीकडून म्हणाली, "भावजी, त्यांना येऊ द्या. उन्हात बसलेत." इतक्या महिन्यांनी माझ्याशी बोलली ती हे. मी म्हटलं, कागद वाचा. "कागदात त्यांना मोकळीक हाय," ती म्हणाली. बाई कागद वाचून आहे, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

मी आबांना हाताला धरून आत आणलं. त्यांनी हात सोडवला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

१६ मार्च

तीन दिवस आबा दुपारी माझ्याच घरात आहेत. खाटेवर पडून स्लॅबकडे बघतात. काल खूप घाम, दोन बनियन बदलले. आज घाम थांबलाय, अंग कोरडं आहे. शरीराला सवय होते ती अशी. लोक उगाच घाबरवतात.

संध्याकाळी मला "मुकादम" म्हणाले. "मुकादम, आजचा चिरा लई कडक हाय." वय झालं की जुनं आठवतं. मग त्यांना अंघोळ घातली, तेव्हा ताळ्यावर आले आणि म्हणाले, "म्हेंद्रा, मना पलीकडं ने."

मी काही दगड नाही. त्यांना खोली गरम होते हे मला दिसतं. म्हणून एसी घ्यायचं ठरवलं. पलीकडे जाण्यापेक्षा पलीकडचं गार इथे आणतो.

१८ मार्च

झोप: चार तास! जानेवारीपासून एवढी लागली नव्हती.

एसी बसला. वाडीतला पहिला. मेस्त्रीने अठरावर लावून दिला आणि अर्ध्या तासात खोलीत गोधडी लागली. आबा अंगभर गुंडाळून बसले आणि दाराकडे बघत राहिले. मी विचारलं, कसं वाटतं? "बरा वाटतं. दार उघडा ठेव." मी सांगितलं, दार उघडं ठेवलं की गार हवा जाते. "जाऊ दे," म्हणाले. त्यांना एसीचं तंत्र समजावणं माझ्या कुवतीबाहेर आहे.

एकच अडचण. दुपारी व्होल्टेज पडतं, मग एसी नुसता घरघरतो. उद्या रत्नागिरीला वीज ऑफिसात अर्ज देऊन येतो. सोडणार नाही त्यांना.

१९ मार्च, दुपारी एक. रत्नागिरी स्टँड

साडेनऊला निघालो. आबांना खोलीत बसवलं, एसी लावला, पाण्याचा तांब्या ठेवला, खिडक्या सरकवून खटके लावले. मागच्या दाराला आतून अडणा आणि वर कुलूप, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप. नाहीतर हे उठून गडग्यावरून चढायला जायचे, आणि या वयात हाड मोडलं तर लोक मलाच जबाबदार धरणार. दार लावताना आतून म्हणाले, "म्हेंद्रा, लवकर ये." आलोच म्हटलं.

वीज ऑफिसातला माणूस म्हणतो, "काका, सगळ्यांनीच एसी लावलेत, डीपी तरी किती ओढणार? तुमच्याकडे अकरापासून लाइट नाही, फ्यूज गेलाय." मी म्हटलं, मग बसवा. म्हणाला माणूस गेलाय, येईल चारपर्यंत. मी टेबलावर हात आपटला तसा तिथला शिपाई मधे आला. त्या भांडणात साडेअकराची गाडी गेली. बाराची एक गाडी होती, ती मला स्टँडवर बसून दिसलीच नाही. म्हणजे दिसली असेल, पण पाटी वाचेपर्यंत सुटली. डोकं जड आहे. पाण्याची बाटली कुठेतरी विसरलो. आता दीडची.

राग: तीन. खरं तर चार, विनोदचा धरून.

त्याच दिवशी, तीन वाजता. घरी

हे पुरावा म्हणून ताबडतोब लिहून ठेवतो. हातखंब्याजवळ एक पांढरी ओमनी हॉर्न वाजवत आमच्या एसटीला घासून रत्नागिरीकडे गेली. लोकांना मरणाची घाई. घरी आलो तर पुढचं दार फोडलेलं. कोयंडा उपटून पडलाय, चौकटीला कोयत्याचे घाव. नवीन सागवानी चौकट. आत चिखलाच्या पावलांचे ठसे, लाद्यांवर पाणी, गोधडी भिजलेली. आबा नाहीत. गडग्याचे वरचे दोन चिरे ढासळलेत, म्हणजे उडी मारून आलाय. कागद मोडलाय त्याने. शेवटी आबांना उचलून नेलंनच. मी पाच फोटो काढले. पलीकडे हाक मारली, कोणी ओ देत नाही. लपलेत. आता पोलीस पाटलांकडे जातो तक्रार द्यायला.

२२ मार्च. हॉस्पिटल, रत्नागिरी

पोलीस पाटील हरिश्चंद्र ओट्यावर बसला होता. मी फोटो दाखवायला मोबाइल पुढे केला. त्याने फोटो बघितलेच नाहीत. म्हणाला, "म्हेंद्र, आबांना ओमनीत घालून रत्नागिरीला नेलाय. तू तिकडनंच आलास ना?"

आबांचं अंग एकशे सहाला पोचलं होतं. किडन्यांना धक्का बसलाय, मेंदूलाही बसला असेल, किती ते आताच सांगता येत नाही. इथले डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत होते का? मी म्हटलं, एसी होता. "चालू होता का?"

माझीही नाडी बघितली, मला चक्कर आली म्हणून. सलाइन लावलं. त्या पहिल्या डॉक्टरीणबाई इथेच राउंडला येतात, त्यांनी माझ्या जिभेकडे बघून विचारलं, "काका, पाणी पीत होतात ना?" त्यांनी गोळी बंद केली. त्यांच्यावर राग काढणार होतो, पण "पाणी भरपूर प्या" हे वहीत माझ्याच अक्षरात आहे.

विनोद कॉरिडॉरच्या त्या टोकाला बसतो, मी या टोकाला. विमला दोघांना चहा आणते, माझा कप बाकावर ठेवून जाते. आज तिने ठेवता ठेवता सांगितलं. त्या दिवशी विनोद बागेतून जेवायला बाराला घरी आला. आमच्या घरातून आबांचा आवाज येत होता, "म्हेंद्रा, दार उघड." दारावर थापा मारत होते. विनोदला वाटलं मी आत आहे, बाप-लेकांचं काहीतरी चाललंय. तो गडग्याशी येऊन उभा राहिला. विमला म्हणाली, जा. तो म्हणाला, कागद हाय, मी पाऊल टाकलं की तो उद्या केस करंल.

"अर्धा तास उभे होते, भावजी. हात गडग्यावर ठेवून. मग आवाज थांबला. तेव्हा उडी मारलीनी."

मी म्हटलं, माणूस मरत असताना कागद कोण बघतं? एवढी अक्कल नको? विमला कप उचलून गेली.

कोणत्याही कारणास्तव. शब्द माझे. त्या दिवशी मी समितीला दोनदा वाचून दाखवायला लावलं होतं.

३० मार्च

करुणा आली आहे. वही तिने वाचली. सोळा तारखेचं पान वाचलं, मग त्यात खुणेला असलेलं कार्ड वाचलं, मग दोन्ही माझ्या मांडीवर ठेवून बाहेर गेली. घाम थांबणं. असंबद्ध बोलणं. तिसऱ्या ओळीवर होतं. आठ दिवस ते कार्ड त्याच पानांमध्ये होतं.

सोळाचं पान फाडायला घेतलं. मग ठेवलं तसंच.

६ एप्रिल

आबांना सोडलं. डॉक्टरांनी विचारलं, घर कसं आहे, दुपारी गार राहतं का? मी तोंड उघडण्याआधी विनोद म्हणाला, "माझा कौलारू हाय." झालं. गाडी त्याच्या दारात थांबली. विनोद आणि विमलाने मिळून आबांना आत नेलं, मी गडग्याच्या अलीकडे उभा राहिलो.

आबांना बोलता येतं, पण ते कोणाशी बोलतात ते कळत नाही. विमलाला आईच्या नावाने हाक मारतात. विनोदला ओळखतात. मला हॉस्पिटलात बघायचे तेव्हा दाराकडे बोट करायचे.

करुणा म्हणते, पलीकडे जाऊन त्याचे पाय धरा. मी धाकट्या भावाचे पाय धरू? झोप: शून्य. राग: कोणाचा लिहू?

९ एप्रिल

बारा वाजले की सुरू होतं. "म्हेंद्रा, दार उघड." कौलातून, भिंतीतून, सगळीकडून ऐकू येतं. विमला पुढचं दार उघडते, मागचं उघडते, तरी थांबत नाहीत. तासभर चालतं. मग दमून गप्प होतात. मी खिडक्या लावून घेतल्या, पण खोलीत तापायला लागलं आणि खिडक्या उघडाव्या लागल्या. उघडल्या की ऐकू येतं.

करुणाला हे ऐकवेना म्हणून ती कल्याणला गेली. आबांना रोज सकाळी ती भरवत होती. ढासळलेल्या गडग्यावरून पलीकडे जाताना तिला कोणी अडवलं नाही.

१४ एप्रिल

जयंती. दरवर्षी आबा पांढरा शर्ट घालून विहारात सर्वांत पुढे बसतात. आज त्यांची जागा सतरंजीवर रिकामीच ठेवली होती, कोणी बसलं नाही. माझ्या शेजारीही कोणी बसलं नाही. कोणी काही बोललं असतं तर मी उत्तर दिलं असतं, उत्तरं तयार होती. पण सगळे विचारत होते, जेवलात का?

बारा वाजता लाउडस्पीकर थोडा वेळ बंद होता, आणि तेवढ्यात आबांचा आवाज आला. सगळी वाडी माझ्याकडे बघायचं टाळत होती. मी उठून घरी आलो. येताना बेड्याची तार पक्कडीने कापून टाकली. पण आत गेलो नाही.

१७ एप्रिल

विनोद गडग्याशी आला. दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून. उन्हाने आणि औषधांच्या फवाऱ्याने काळा पडलाय, डोळे लाल, आबा झोपू देत नसणार. माझ्याकडे न बघता म्हणाला,

"उद्या बारा वाजता ये. दार उघडून जा."

मला समजलं नाही. म्हणाला, "आमी उघडला तर चालत नाय त्यांना. तूच उघडलं पायजे."

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "आणि कागद?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. आत्तापर्यंत त्याने मला मारलंही होतं, पण असं बघितलं नव्हतं. "तो तुझ्याकडंच ठेव," म्हणाला आणि आत गेला.

१८ एप्रिल

पावणेबाराला बेडं सरकवून पलीकडे गेलो. अंगणातली सतरा पावलं मोजली. पुढचं दार बंद करून बाहेरून कडी घातली होती, आत अंधार. बाराला आबा सुरू झाले. "म्हेंद्रा, दार उघड." आतून फळीवर थाप पडली. हाताची थाप, पण तिच्यात जोर नव्हता. त्या दिवशी अर्धा तास ते हेच करत होते, आणि मी स्टँडवर पाट्या वाचत होतो.

माझ्याच्याने कडी लगेच सरकेना. मग सरकली. दार उघडलं तर आबा उंबऱ्याशी उभे, विमला त्यांना मागून धरून. माझ्याकडे बघून म्हणाले, "आलास? किती उशीर रे."

"गाडी चुकली, आबा."

"बरा," म्हणाले. मग वळले, चटईवर जाऊन आडवे झाले आणि भुईवर गाल टेकून झोपून गेले. मी उंबऱ्यावर उभा होतो. आतून गार येत होतं, पायांना लागत होतं. शेणाने सारवलेल्या भुईचा वास होता. ते तेहतीसचं यंत्र बिघडलेलं नव्हतं.

मी बसायला लागलो. विनोद म्हणाला, "उघडलंस ना? जा आता."

२ मे

पंधरा दिवस झाले. रोज बारा वाजता कडी, रोज "किती उशीर", रोज "गाडी चुकली". आबांना कालचं आठवत नाही. मला आठवतं.

डॉक्टरीणबाईंकडे उद्या जायचंय, वही दाखवायची आहे. झोपेचे आणि रागाचे आकडे बरेच दिवस भरलेले नाहीत. आज भरून टाकावे म्हणून बसलो होतो, पण राग कोणाच्या नावावर टाकायचा ते ठरेना. विनोदच्या नावाचा रोजचा एक होता, तोही खोडला. त्याचा माझ्यावरचा अजून आहे. तो त्याने मोजलेला नाही आणि संपवायची त्याला घाई नाही.

आज दार उघडल्यावर आबा झोपले. विनोद नेहमीचं "जा आता" म्हणाला नाही, तो कोपऱ्यात पाठ करून कोयत्याला धार लावत होता. मी वाट बघत उभा राहिलो. थोड्या वेळाने त्याने मान वर न करता विचारलं, "उभा का?"

"तू जा म्हणाला नाहीस."

"जा," तो म्हणाला.

मी आलो. स्लॅबखाली येऊन हे लिहितोय, लादी अजून चटके देते. उद्या दवाखान्याचं सकाळीच उरकलं पाहिजे. सव्वादहाची एसटी धरली तर बाराच्या आत घरी पोचेन. ती चुकवून चालणार नाही.